दीडशे वर्षांचं नवं औषध

कॅप्सूल ५०० मिलिग्रॅमची आणि पोर १२ किलोचं. चिठ्ठीवर मात्रा लिहिलेली किलोमागे १० मिलिग्रॅम, म्हणजे दिवसाला १२०. गोळी असती तर पाव तुकडा करून निभावलं असतं. कॅप्सूलचे तुकडे होत नाहीत. मग सिस्टर आईला समजावतात. मोजून १० मिलिलिटर पाणी घ्या, कॅप्सूल उघडून पूड त्यात विरघळवा, बिनसुईच्या सिरिंजने २.४ मिलिलिटर ओढा आणि हळूच पोराच्या गालात सोडा. हातात मोजे घाला. ती वाटी पुन्हा स्वयंपाकात घेऊ नका. आई ‘हो जी, हो जी’ करत राहते. घरी दहा मिलिलिटर कशाने मोजायचं आणि सिरिंजवर २.४ ची रेघ नेमकी कुठली, हे विचारायला ती लाजते. विदर्भातल्या सिकलसेलच्या कुठल्याही ओपीडीत हा प्रसंग डोळ्यांसमोर आणायला फारशी कल्पनाशक्ती लागत नाही.

ही कॅप्सूल हायड्रॉक्सीयुरियाची. गांधीजी जन्मले त्या वर्षी, म्हणजे १८६९ मध्ये, जर्मनीतल्या एका प्रयोगशाळेत हा रेणू पहिल्यांदा तयार झाला. तो कशावर चालेल याची तयार करणाऱ्यांना कल्पनाही नव्हती. आणि आता गंमत पाहा. २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये केंद्र सरकारने सांगितलं की लहान मुलांसाठी हेच औषध पातळ रूपात देशात बनवायचं काम चालू आहे. परदेशातून आणलेली बाटली ७० हजार रुपयांच्या घरात जाते, इथली काही शे रुपयांत पडेल. पुढच्या वर्षी अकुम्स या कंपनीच्या, साध्या खोलीच्या तापमानाला टिकणाऱ्या द्रावणाला औषध नियंत्रकांची मंजुरी मिळाली. आपल्याकडच्या २०१९ च्या नव्या औषधांविषयीच्या नियमांनुसार अशा बाटलीची गणना ‘नवीन औषधा’तच होते. देशात कधीच न आलेला रेणू तर नवा असतोच; पण जुन्या औषधाचा नवा उपयोग, नवी मात्रा, नवं रूप यांनाही नव्याने परवानगी लागते, आणि ती मिळाल्यापासून चार वर्षं ते कायद्याच्या नजरेत नवंच राहतं. दीडशे वर्षांचा रेणू बाटलीत शिरला आणि तान्हा झाला.

कायद्याची ही व्याख्या मला हास्यास्पद वाटत नाही. उलट वर्तमानपत्रांच्या व्याख्येपेक्षा ती शहाणी आहे. वर्तमानपत्रात ‘अमुक रोगावर नव्या औषधाला मंजुरी’ असा मथळा येतो, आणि ज्याच्या घरात तो रोग आहे तो माणूस कात्रण घेऊन डॉक्टरांकडे धावतो. पण मंजुरी म्हणजे लग्नपत्रिका हातात पडणं. मांडवात गेल्यावर आपलं पान कुठल्या पंगतीला मांडलंय, मांडलंय तरी की नाही, ते पत्रिकेवर छापलेलं नसतं. औषधाची उपचारातली जागा अशीच पुढे, वॉर्डात आणि ओपीडीत ठरते. कधी पाच वर्षांत, कधी पन्नास. सिकलसेलच्या औषधांची हकिगत त्यासाठी फार बोलकी आहे, आणि तिच्यातलं एक महत्त्वाचं पान नागपुरात लिहिलं गेलं.

पुस्तकी मराठीत या रोगाला विळ्याच्या आकाराच्या पेशींचा वगैरे म्हणतात. विदर्भात शब्द एकच, सिकलसेल. आणि त्याच्या जोडीला ‘पॅटर्न’. ‘पोरीचा एएस पॅटर्न आहे’, ‘धाकट्याचा एसएस निघाला’, अशी वाक्यं शेतमजूर बाई जितक्या सहज बोलते तितक्या सहज पुण्या-मुंबईचा पदवीधर बोलणार नाही. एएस म्हणजे वाहक: आईकडून किंवा बापाकडून एकच दोषी जनुक आलेला, स्वतः बहुधा ठणठणीत. एसएस म्हणजे दोन्हींकडून आलेला, खरा रुग्ण. राज्याच्या सिकलसेल कार्यक्रमात वाहकाला पिवळं कार्ड आणि रुग्णाला लाल कार्ड देतात. सोयरीक जुळवताना जन्मपत्रिकेआधी हे कार्ड पाहावं, असा प्रचार आरोग्य खातं वर्षानुवर्षं करत आलंय. त्याचा उलटा परिणामही होतो. पिवळं कार्ड असलेल्या मुलीचं लग्न जमेना की घरचे ते कार्ड ट्रंकेच्या तळाशी घालतात.

तपासणीची पहिली पायरी पाहण्यासारखी आहे. बोटातून काढलेला रक्ताचा थेंब एका रसायनात घालायचा आणि नळीमागे काळ्या रेघा मारलेला कागद धरायचा. रक्त साधं असेल तर लालसर पाण्यातून रेघा स्वच्छ दिसतात. सिकल हिमोग्लोबिन असेल तर ते त्या रसायनात विरघळत नाही, नळी गढूळ होते आणि रेघा गायब. आश्रमशाळेच्या ओट्यावर पोरं रांगेत उभी राहून एकमेकांच्या रेघा बघतात. या चाचणीला एएस आणि एसएस यांतला फरक मात्र कळत नाही. तो कळायला नमुना पुढे इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसीच्या यंत्राकडे जावा लागतो.

दोष तरी केवढा? हिमोग्लोबिनच्या एका साखळीत १४६ मणी. त्यातल्या सहाव्या जागी ग्लुटामिक अ‍ॅसिड असायला हवं, तिथे व्हॅलीन बसलेलं. एवढ्याने हिमोग्लोबिनचा स्वभाव बदलतो. फुप्फुसातून आणलेला ऑक्सिजन त्याने पेशींना देऊन टाकला की हे रेणू एकमेकांना चिकटतात, त्यांचे लांब कडक दांडे होतात, आणि गोल मऊ तांबडी पेशी विळ्यासारखी वाकडी होते. एरवी १२० दिवस जगणारी पेशी दोनतीन आठवड्यांत फुटते, म्हणून रक्त कमी. आणि वाकड्या पेशी बारीक रक्तवाहिनीत अडकतात, म्हणून दुखणं. हे दुखणं ज्याने पाहिलं नाही त्याला सांगून कळत नाही. हाडं आतून कुणी फोडतंय असं रुग्ण सांगतात. डॉक्टरांच्या आणि आता रुग्णांच्याही बोलीत याचं नाव ‘क्रायसिस’. नागपूरच्या मे महिन्यात अंगातलं पाणी आटलं की क्रायसिस, डिसेंबरच्या थंडीत भिजलं की क्रायसिस, ताप आला की क्रायसिस. पानथरी अर्थात प्लीहा लहानपणीच निकामी होत जाते, त्यामुळे साधा न्यूमोनियाही जिवावर बेततो. काहींना शाळेच्या वयात पक्षाघात होतो.

शिकागोच्या जेम्स हेरिक यांनी १९१० मध्ये हे विळे पहिल्यांदा वर्णन केले, वेस्ट इंडीजमधून आलेल्या एका विद्यार्थ्याच्या रक्तात. मग कितीतरी वर्षं हा आफ्रिकी वंशाचाच रोग समजला गेला. १९५२ मध्ये निलगिरीच्या आदिवासींत तो सापडला. १९५८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये शुक्ला आणि सोळंकी यांचा एक छोटा लेख आला, नागपूरकडच्या महार समाजात आढळलेल्या सिकल जनुकाविषयी. तेव्हापासून विदर्भात एक चुकीची समजूत रुजली की हा अमुक जातीचा रोग. गोंड, माडिया, परधान, तेली, कुणबी अशा कितीतरी समाजांत तो पुढे सापडला. जनुकाला जात ठाऊक नसते, त्याला मलेरिया ठाऊक असतो. ज्याच्याकडे एकच सिकल जनुक आहे त्याला जीवघेण्या मलेरियापासून बरंच संरक्षण मिळतं, हे १९५४ मध्ये अँथनी अ‍ॅलिसन यांनी पूर्व आफ्रिकेत दाखवलं. जिथे जंगल, पाणी आणि डास, तिथे हजारो वर्षांत वाहक टिकून राहिले, आणि वाहकांच्या लग्नांतून रुग्ण जन्मत राहिले.

आता औषधाकडे. त्याची किल्ली एका बालरोगतज्ज्ञ बाईंच्या निरीक्षणात आहे. जॅनेट वॉटसन यांना १९४८ मध्ये न्यूयॉर्कमध्ये एक कोडं पडलं. सिकलसेल जन्मजात, मग ही बाळं पहिले काही महिने निरोगी कशी? उत्तर बाळाच्या हिमोग्लोबिनमध्ये होतं. पोटात असताना मूल वेगळं हिमोग्लोबिन वापरतं. ते चिकटत नाही, दुसऱ्यालाही चिकटू देत नाही. जन्मानंतर सहाएक महिन्यांत त्याचा कारखाना बंद पडतो आणि मोठ्यांचं हिमोग्लोबिन येतं. तिथून रोग उघडा पडतो. बहुतेक घरांत पहिली खूण सारखीच असते. रांगायला लागलेल्या बाळाच्या हातापायांची बोटं एका रात्रीत टम्म सुजतात आणि आजी म्हणते, काही चावलं असेल.

म्हणजे तो बंद कारखाना थोडा तरी उघडता आला तर? हायड्रॉक्सीयुरिया तोवर रक्ताच्या कॅन्सरवर वापरात आलं होतं. अमेरिकेत त्याला १९६७ मध्ये मंजुरी होती. पेशींची वाढ ते रोखतं. पण मज्जेवर असा ताण आला की ती बाळाचं हिमोग्लोबिन पुन्हा बनवू लागते, हे १९८४ च्या सुमारास आधी माकडांत आणि मग सिकलसेलच्या रुग्णांत दिसलं. १९९५ मध्ये २९९ प्रौढ रुग्णांवरची चाचणी प्रसिद्ध झाली. औषध न घेणाऱ्यांना वर्षाला ४.५ क्रायसिस, घेणाऱ्यांना २.५, हे मध्यक आकडे. फायदा इतका उघड होता की चाचणी मुदतीआधी थांबवावी लागली. १९९८ मध्ये अमेरिकेने सिकलसेलसाठी मंजुरी दिली, तीही फक्त मोठ्यांसाठी. मुलांसाठी त्यांना २०१७ उजाडलं.

मंजुरीच्या कागदात मात्रेची रीतही होती. किलोमागे १५ मिलिग्रॅमने सुरुवात करा, रक्त तपासत तपासत वाढवा, पांढऱ्या पेशी धोक्याच्या रेषेपर्यंत उतरल्या की थांबा. जास्तीत जास्त ३५. बाल्टिमोरमध्ये हे ठीक आहे. दर दोन आठवड्यांनी रक्त द्यायला गाडीने यायचं आणि गाडीने जायचं. भामरागड-एटापल्लीकडून नागपूरच्या ‘मेडिकल’ला यायचं म्हणजे येण्याचा एक दिवस, जाण्याचा एक, दोघांची मजुरी बुडालेली आणि एसटीचं भाडं वेगळं. दर पंधरा दिवसांनी हे कोण करील? शिवाय मात्रा वाढवत नेताना पांढऱ्या पेशी फारच खाली गेल्या आणि गावी ताप आला, तर जवळ कोण आहे?

नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. दीप्ती जैन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रश्न उलटा विचारला. जास्तीत जास्त किती मात्रा सोसते हे शोधण्याऐवजी कमीत कमी किती पुरते, हे पाहिलं. ५ ते १८ वर्षांची, वारंवार क्रायसिस येणारी ६० मुलं घेतली. निम्म्यांना किलोमागे १० मिलिग्रॅमची ठरलेली मात्रा, निम्म्यांना तशीच दिसणारी पण औषध नसलेली कॅप्सूल. कुणाच्या हाती काय पडलंय ते घरच्यांनाही ठाऊक नाही, तपासणाऱ्या डॉक्टरांनाही नाही. १८ महिने हे चाललं. २०१२ मध्ये ‘हिमोग्लोबिन’ नावाच्याच नियतकालिकात निकाल आले. औषध घेणाऱ्या मुलांना आधी वर्षाला सरासरी बाराहून अधिक क्रायसिस येत होते, ते सरासरी एकाच्याही आत आले. रक्त चढवणं आणि भरती होणं जवळजवळ थांबलं. रिकाम्या कॅप्सूलवाली मुलं होती तिथेच राहिली.

त्या दुसऱ्या गटाचा विचार मनातून जात नाही. तीसेक आया दीड वर्ष रोज नेमाने, देवाचं नाव घेऊन, रिकामी कॅप्सूल भरवत होत्या. अशा चाचण्यांशिवाय औषधाचा गुण आणि आशेचा गुण वेगळा काढता येत नाही, हे मान्य. तरी पुढच्या मुलांना जी मात्रा लिहून मिळते तिची अर्धी किंमत त्या घरांनी मोजली आहे.

१० मिलिग्रॅम इथे का पुरावे? एक कारण असं की भारतातल्या सिकल जनुकाचा घाट वेगळा आहे. त्याला अरब-भारतीय म्हणतात, आणि त्याच्याबरोबर बाळाचं हिमोग्लोबिन मुळातच जास्त प्रमाणात येतं. पश्चिम आफ्रिकेतून अमेरिकेत गेलेल्या घाटांत ते कमी. जिथे विस्तव आहे तिथे फुंकर पुरते. भारतातला सिकलसेल म्हणून सौम्यच, असा निष्कर्ष मात्र कुणी काढू नये. वर्षाला बारा क्रायसिस याला सौम्य कोण म्हणेल? आणि नागपूरची मात्रा सगळ्या जगाचीही नाही. युगांडात मुलांवर २०२० मध्ये झालेल्या चाचणीत ठरलेल्या २० मिलिग्रॅमपेक्षा वाढवत नेलेली मात्रा सरस ठरली, इतकी की तीही चाचणी आधीच थांबवली. तेव्हा आपल्याकडेही ज्यांना १० मिलिग्रॅमने भागत नाही त्यांची मात्रा डॉक्टर वाढवतात. औषध एकच, रोग एकच, तरी त्याचं पान प्रत्येक गावात वेगळ्या ठिकाणी मांडलं जातं.

या कॅप्सूलची आणखी एक अडचण तिच्या कुळाची आहे. हल्ली घरातलं शिकलेलं पोर मोबाइलवर नाव टाकून बघतं आणि सांगतं, ‘आई, ही तर कॅन्सरची गोळी हाय.’ झालं. दुसऱ्या दिवसापासून डबा फळीवर. भीती अगदीच निराधार नाही. रक्तातल्या पेशी नियमाने मोजाव्या लागतात, गरोदरपणात हे औषध टाळतात, पुरुषांत शुक्राणूंची संख्या घटू शकते. हे सगळं सांगायला दहा मिनिटं लागतात, आणि दोनशे रुग्णांच्या ओपीडीत दहा मिनिटं नसतात. त्याहून चमत्कारिक म्हणजे गुण आला की गोळी सुटते. चार महिने दुखलं नाही, म्हणजे पोर बरं झालं! पाचव्या महिन्यात क्रायसिस येतो आणि दोष कॅप्सूलवर जातो.

जुन्या औषधाचा संसार असा चालू असताना २०१७ नंतर सिकलसेलच्या मांडवात एकदम नव्या पाहुण्यांची गर्दी झाली. पहिलं एल-ग्लुटामिन, जुलै २०१७. पाण्यात कालवून घ्यायची पूड. चाचणीत मध्यक क्रायसिस चाराचे तीन झाले. युरोपात अर्ज मागे घेतला गेला. मग नोव्हेंबर २०१९ मध्ये अमेरिकेत एकाच महिन्यात दोन मंजुऱ्या. क्रिझानलिझुमॅब हे शिरेतून द्यायचं औषध पेशींना रक्तवाहिनीच्या भिंतीला चिकटू देत नाही. १९८ रुग्णांच्या चाचणीत क्रायसिस २.९८ वरून १.६३, हेही मध्यक. छान. पण पुढच्या मोठ्या चाचणीत ते खोट्या सलाइनपेक्षा सरस ठरलं नाही, आणि २०२३ मध्ये युरोपने परवानगी काढून घेतली.

त्या महिन्यातल्या दुसऱ्या औषधाकडे, व्हॉक्सेलोटोरकडे, जरा थांबून पाहायला हवं. कल्पना देखणी होती. हिमोग्लोबिन ऑक्सिजन सोडतं तेव्हाच चिकटतं ना? मग त्याला सोडूच द्यायचा नाही. २७४ रुग्णांच्या चाचणीत औषधाची मोठी मात्रा घेणाऱ्यांपैकी ५१ टक्क्यांचं हिमोग्लोबिन एक ग्रॅमहून जास्त चढलं. न घेणाऱ्यांत फक्त ७ टक्क्यांचं. प्रयोगशाळेचा कागद हातात घेऊन नाचावं असा निकाल. क्रायसिस मात्र ठळक घटले नव्हते. अमेरिकेने ‘त्वरित मंजुरी’ दिली. तिचा अर्थ असा की रक्तातला आकडा सुधारला, तेव्हा रुग्णही सुधारेल असं तूर्त धरून चालू. खरा पुरावा कंपनीने मागाहून आणावा. वर्षाला सव्वा लाख डॉलरच्या आसपास किंमत. २०२२ मध्ये फायझरने ती कंपनी ५४० कोटी डॉलरना विकत घेतली. मग मागाहूनचा पुरावा आला. नायजेरिया, केनिया, घाना अशा देशांतल्या मुलांवरच्या एका चाचणीत औषधाच्या गटात ८ मृत्यू झाले आणि दुसऱ्या गटात २. सप्टेंबर २०२४ मध्ये फायझरने जगभरातून औषध मागे घेतलं.

दोष कशाचा, यावर तज्ज्ञ अजून बोलतील. तेव्हाच काहींनी एक साधी शंका काढली होती. डबेवाल्याने डबा फुटू नये म्हणून हातातच धरून ठेवला, तर जेवणाऱ्याचं काय? हिमोग्लोबिन वाढलं, पण त्यातला ऑक्सिजन पेशींना उतरवून मिळतोय का? आकडा चढला की रुग्ण बरा झाला, हे समीकरण आपल्या घराघरांत शिरलेलं आहे. हिमोग्लोबिनच्या आकड्यावर तर फारच. त्या समीकरणाने नावाजलेल्या कंपनीचीही फसगत केली.

म्हणून ऑगस्ट २०२४ चा एक सरकारी आदेश मी दोनदा वाचला. अमेरिका, ब्रिटन, जपान, ऑस्ट्रेलिया, कॅनडा आणि युरोपीय संघ इथे मंजूर झालेल्या काही प्रकारच्या औषधांना भारतात येण्यासाठी इथल्या रुग्णांवर वेगळी चाचणी घ्यावी लागू नये, असा तो आदेश. दुर्मीळ रोगांची औषधं त्यात येतात, जनुकीय उपचार येतात, सध्याच्या उपचारांपेक्षा लक्षणीय सरस ठरणारी औषधंही येतात. हेतू चांगला आहे. मुलाचा जीव टांगणीला असताना दोनतीन वर्षं कागद फिरवत बसणं हाही अन्यायच. पण व्हॉक्सेलोटोर अमेरिका, युरोप आणि ब्रिटन तिन्हीकडे मंजूर होतं, आणि त्याचं खरं रूप कळलं ते बरंचसं मलेरियाच्या देशांत. गडचिरोलीलाही मलेरिया आहे. असं औषध इथे आलं, तर डोळ्यांत तेल घालून त्याची नोंद कोण ठेवणार, हे मंजुरीच्या आधी ठरलेलं असावं.

आता सगळ्यांत मोठा पाहुणा. नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रिटनने आणि ८ डिसेंबरला अमेरिकेने कॅसजेव्ही या उपचाराला मंजुरी दिली. क्रिस्पर या जनुकीय कात्रीवर बेतलेला हा जगातला पहिला मंजूर उपचार. रुग्णाच्या मूळपेशी काढायच्या, बाळाच्या हिमोग्लोबिनचा कारखाना बंद करणारी कडी त्यांच्यात कापायची, रुग्णाची जुनी मज्जा तीव्र केमोथेरपीने रिकामी करायची आणि दुरुस्त पेशी परत सोडायच्या. पुरेसा काळ पाहिलेल्या ३१ रुग्णांपैकी २९ जणांना सलग बारा महिने एकही गंभीर क्रायसिस आला नाही. इथे वाचकाच्या लक्षात आलं असेल की दार तेच आहे, वॉटसनबाईंनी १९४८ मध्ये दाखवलेलं. कॅप्सूल ते रोज थोडं ढकलते; कॅसजेव्ही कडीच काढून टाकतं. कडी काढायचे २२ लाख डॉलर. शिवाय महिनाभरापेक्षा जास्त काळ रुग्णालय, आणि केमोथेरपीने वंध्यत्वाचा धोका.

नोव्हेंबर २०२५ मध्ये दिल्लीच्या आयजीआयबी या सरकारी संस्थेने आपल्याकडे विकसित केलेल्या क्रिस्पर उपचाराची घोषणा झाली. बिरसा मुंडांच्या नावावरून ‘बिरसा १०१’ हे नाव, आणि तंत्रज्ञान पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटकडे. मला याचा आनंद आहे, आणि ही लग्नपत्रिका आहे हेही ठाऊक आहे. इथल्या रुग्णांवरच्या चाचण्यांतून ती आधी जायची आहे.

मांडवात कुणाचं लक्ष जात नाही अशा दोन वस्तू आणखी आहेत. एक पेनिसिलिन. १९८६ च्या अमेरिकी चाचणीत लहानग्यांना रोज दोनदा तोंडाने पेनिसिलिन दिलं, तर न्यूमोकॉकसचे जीवघेणे संसर्ग ८४ टक्क्यांनी घटले. दुसरी न्यूमोकॉकसची लस. दोन्हींवर मथळे येत नाहीत.

१ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशात शहडोल इथे राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली. सात कोटी लोकांची तपासणी करायची आणि २०४७ पर्यंत रोग हटवायचा, असं उद्दिष्ट. नागपूरला हे शब्द नवे नव्हते. संपत रामटेके यांनी सिकलसेल सोसायटी ऑफ इंडियाच्या झेंड्याखाली या रुग्णांसाठी वर्षानुवर्षं मंत्रालयाच्या पायऱ्या झिजवल्या होत्या. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेलची नोंद झाली. क्रायसिसमुळे परीक्षा बुडणाऱ्या पोराला औषधाइतकीच या कागदाची गरज असते.

ओपीडीच्या दाराशी एक वजनकाटा असतो. सिकलसेलची पोरं अंगाने वाढत नाहीत, किलो-किलोला महिने लागतात. आईने हिशेब मनात पक्का केलेला असतो. पोर २५ किलोचं झालं की दिवसाआड एक अख्खी कॅप्सूल देऊन भागतं का ते डॉक्टरांना विचारायचं. पन्नास झालं की रोज एक. मग वाटी नको, सिरिंज नको, मोजे नकोत. पोर चपला काढून काट्यावर चढतं. सिस्टर वही उघडतात. आई वाकून आकडा पाहते आणि म्हणते, ‘तेरा झाले का जी?’ काटा साडेबारावर हलत असतो.